मोल वाद्याचे की नावाचे?

आम्ही कामगार चळवळीतले कार्यकर्ते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन बोनस, महागाईभत्ता किंवा कामगार कायदा यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही गिटार या वाद्यावर बोलणार आहोत. गिटार आम्हांला वाजवता येत नाही, हेही आधीच कबूल करून टाकतो. परंतु एखादी वस्तू विकत घेताना आपण पैसे नेमके कशाचे देतो, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे; आणि तो प्रश्न आम्हांला या वाद्याने जितका स्पष्ट शिकवला तितका कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही. त्याची फीही आमच्याकडून चांगलीच वसूल झाली.

झाले असे. आमचा मुलगा आठवीत असताना त्याने गिटारीचा हट्ट धरला. दिवाळीच्या बोनसचे पैसे हातात होते. आम्ही त्याला घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन गिटारी पुढे ठेवल्या. एक साधी, फिक्या रंगाची. दुसरी काळी, आरशासारखी चकचकीत, आणि तिच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत परदेशी वळणाचे नाव. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट होती. आम्हांला दोहोंतले काहीच कळत नव्हते. आणि ज्यातले कळत नाही त्यात माणूस नाव विचारतो. आम्ही काळी गिटार घेतली. घरी आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवताना आधी नाव सांगितले, मग किंमत सांगितली. ती वाजते कशी, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

मुलाने तीन महिने नेटाने सराव केला. बोटांची कातडी सोलवटली. शिकवणीतली इतर मुले पुढे गेली आणि हा पहिल्या धड्यातच अडकला. एके दिवशी गिटार भिंतीला टांगून तो म्हणाला, “बाबा, माझ्या हातात ते नाहीच.” आम्ही त्याला धीर दिला, चिकाटीवर चार शब्द ऐकवले आणि विषय मिटला. पुढे सात-आठ वर्षांनी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ती गिटार पाहिली. तारेवर बोट ठेवताच तो म्हणाला, “अहो, या तारा नाहीत, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत.” कारखान्यातून निघताना तारांच्या खाचा पुरेशा खोल केल्याच नव्हत्या. त्याने तासभर कानस चालवली, तीनशे रुपये घेतले, आणि तीच गिटार लोण्यासारखी वाजू लागली. मुलगा तोपर्यंत नोकरीला लागला होता. आमचे जादा पैसे गेले त्याचे दुःख नाही. आपल्यात गुण नाही असा समज एका पोराने उगाच करून घेतला, त्याचे दुःख आजही आहे. म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम वाद्याची रचना पाहू. तार एकटी फार थोडा आवाज करते. तारेचे कंपन घोडीवाटे वरच्या लाकडी फळीत उतरते, ती फळी आणि पोटातली हवा हलते, आणि आपल्याला सूर ऐकू येतो. सतारीला जशी तबली, तशी ही गिटारीची तबली. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या वर जातो, आणि तो ज्या फळीने पेलायचा तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते. फळी जाड ठेवली तर ती टिकते पण बोलत नाही. पातळ केली तर बोलते पण फुगते, वाकते. म्हणून तिच्या आतल्या अंगाला लाकडी पट्ट्या चिकटवतात. त्या कोठे किती तासायच्या, यात कारागिराची सारी विद्या असते. गंमत अशी, की ही विद्या पोटात दडलेली असते. दुकानाच्या काचेतून दिसते ते रोगण, शिंपल्याची नक्षी आणि डोक्यावरचे नाव.

गिटारीच्या आवाजात कोणत्या भागाचे मोल किती, याचा एक धीट प्रयोग स्पेनमध्ये १८६२ साली झाला. आंतोनियो दे तोर्रेस हा मूळचा सुतार. आजच्या शास्त्रीय गिटारीचा घाट बहुतांशी त्याने ठरवला. त्याचे म्हणणे असे, की आवाजाचा प्राण तबलीत आहे. ते सिद्ध करण्यासाठी त्याने एक गिटार केली, तिची तबली उत्तम लाकडाची आणि बाजू व पाठ चक्क कागदाच्या पुठ्ठ्याची! ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पुठ्ठ्याची पाठ लाकडाइतकीच चांगली, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पैसा आधी कोठे घालावा हे मात्र त्या सुताराने कायमचे सांगून ठेवले.

सुतार हा शब्द आला म्हणून दुसऱ्या एका सुताराची हकीकत सांगतो. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खेन नावाचे वाद्यकारागिरांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्रत्येक धंद्याची गिल्ड, म्हणजे कारागिरांची पंचायत, असे. व्हायोलिन करणाऱ्यांची पंचायत वेगळी आणि लाकडी सामान करणाऱ्या सुतारांची वेगळी. सुतारांपैकी काही जण गिटारी करू लागले आणि व्हायोलिनवाल्यांनी तक्रार केली. आम्ही कलावंत, हे नुसते टेबलखुर्च्या करणारे. यांनी वाद्याला हात लावू नये, असा त्यांचा सूर होता. भांडण वर्षानुवर्षे चालले. अखेर व्हायोलिनवाल्यांचा हट्ट मान्य झाला नाही. परंतु त्या सुतारांपैकी क्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन नावाचा कारागीर १८३३ साली अमेरिकेला निघून गेला. पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी त्याने कारखाना घातला. तबलीच्या आतल्या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवण्याची रीत त्याच्याच कारखान्यात रुजली, आणि आज जगभरच्या पोलादी तारांच्या गिटारींत तीच चालते. म्हणजे ज्याला प्रतिष्ठितांनी वाद्याला हात लावू नको म्हटले, त्याचेच आडनाव आज गिटारीच्या जगात प्रतिष्ठेचे शिखर होऊन बसले आहे. प्रतिष्ठा कशी जन्माला येते आणि किती लवकर आपला जन्म विसरते, हे येथे दिसते.

आता आमच्या मनाला सर्वांत जवळची कथा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचे शहर आहे. तेथे १९०२ साली गिब्सन कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कामगार आघाडीवर गेले. युद्धकाळात आपल्याकडे वाद्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले होते, असेच कंपनीच्या बाजूने पुढे सांगितले जाई. परंतु बाजारात तर त्या वर्षांच्या गिटारी होत्या, आणि जाणते वादक त्यांच्यावर जीव टाकत होते. त्यांच्या डोक्यावर एक सोनेरी फीत रंगवलेली असे. गिब्सनखेरीज दुसरे काही चालायचे नाही, अशा अर्थाची तिच्यावरची अक्षरे. मग या केल्या कोणी?

जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांना एक जुने छायाचित्र मिळाले. कारखान्यासमोर जमलेल्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या कितीतरी स्त्रिया! त्यांनी त्या स्त्रियांपैकी हयात असलेल्यांना शोधून काढले, जुनी दप्तरे चाळली, आणि २०१२ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की युद्धाच्या त्या वर्षांत पंचवीस हजारांच्या घरात गिटारी या स्त्रियांच्या हातून झाल्या होत्या. त्यांनी गिटारींचे क्ष-किरण चित्रही घेतले. स्त्रियांच्या हातच्या गिटारींचे आतले भाग आधीच्या आणि नंतरच्या गिटारींपेक्षा अधिक नाजूक, अधिक घासूनपुसून केलेले आढळले. डोक्यावर कंपनीच्या नावाची फीत, आणि फळी तासणाऱ्या बाईचे नाव कोठेच नाही. श्रोतेहो, आम्ही आयुष्यभर कारखान्यांच्या दारांवर सभा घेतल्या. ही गोष्ट आम्हांला नवी नाही. पण ती इतकी उघडी आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

याच कारखान्यातली आणखी एक गोष्ट. १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी एपिफोन हे दुसरे नाव विकत घेतले. मग कित्येक वर्षे एकाच छपराखाली, त्याच कामगारांच्या हातून, दोन्ही नावांच्या गिटारी होत राहिल्या. मापात आणि सजावटीत थोडा फरक. बाकी लाकूड तेच, डिंक तोच, हात तेच. बाजारात मात्र एक नाव मोठ्या भावाचे आणि दुसरे धाकट्याचे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६५ साली ‘यस्टरडे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते धाकट्या नावाच्या टेक्सन गिटारीवर. ज्याला जगातली कोणतीही गिटार परवडली असती, त्याने कानावर भरवसा ठेवला.

आता लाकडाकडे वळू; कारण विक्रेते नावाखालोखाल लाकडाचा दरारा दाखवतात. फार वर्षे पाठीसाठी आणि बाजूंसाठी ब्राझीलचे रोझवूड सर्वश्रेष्ठ मानले गेले. साठीच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणे बंद केले, तेव्हा १९६९ साली मार्टिन कंपनी भारतातून जाणाऱ्या रोझवूडकडे वळली. हे भारतीय रोझवूड म्हणजे दुसरे काही नसून आपला शिसव. आपल्या सह्याद्रीत वाढणारा, आजोबांच्या पलंगाचा आणि पेटाऱ्याचा शिसव! पुष्कळ वादकांनी तेव्हा नाके मुरडली. १९६९ च्या आधीची म्हणजे ‘खरी’, नंतरची म्हणजे तडजोड, असा समज पसरला आणि जुन्या गिटारींचे भाव चढले.

या समजाची परीक्षा इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी घेतली. तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. तबली सर्वांची एकाच जातीच्या स्प्रूस लाकडाची, घडण एकसारखी. फक्त पाठ आणि बाजू वेगळ्या. एकीला ब्राझीलचे रोझवूड, एकीला आपला शिसव, इतरांना महोगनी, मॅपल, सापेली आणि अक्रोड. बावन्न वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवले आणि गिटारी वाजवायला दिल्या. हे चष्मे आमच्या ओळखीचे. कारखान्यात ते डोळे वाचवण्यासाठी वापरतात. येथे कान वाचवण्यासाठी वापरले! निष्कर्ष असा, की महाग आणि स्वस्त लाकडांच्या गिटारींना वादकांनी जवळजवळ सारखेच गुण दिले, आणि एकीपासून दुसरी ओळखणेही त्यांना जड गेले. लाकूड कसलेही चालते, असे यातून निघत नाही. तबली आणि कारागीर दोन्ही येथे उत्तम होते. पण पाठीच्या लाकडासाठी जे पुष्कळसे पैसे आपण मोजतो ते डोळ्यांसाठी मोजतो, कानांसाठी नव्हे, एवढे निश्चित.

डोळ्यांच्या या हौसेपायी जंगलात काय होते, तेही ऐका. गिटारीच्या मानेवरची पट्टी काळ्या आबनुसाची असावी, एकही फिकी रेघ नसावी, असा प्रतिष्ठेचा दंडक होता. २०११ साली टेलर गिटार कंपनीने भागीदारीत आफ्रिकेतील कॅमेरून देशात आबनुसाची गिरणी घेतली. तेव्हा बॉब टेलर यांना कळले, की तोडलेल्या दहा झाडांपैकी एखादेच आतून संपूर्ण काळे निघते. उरलेली रेघांची झाडे जंगलातच कुजत टाकली जात. रेघ असलेले लाकूड कामात तितकेच टणक आणि टिकाऊ. त्यांनी रेघांसह ते वापरायला सुरुवात केली. याच टेलर यांनी १९९५ साली मालवाहतुकीच्या टाकाऊ लाकडी चौकटींतून एक गिटार घडवून प्रदर्शनात मांडली होती, आणि ती छान वाजत होती. अर्थात ते लाकूड कसबी हातांत पडले होते, हे विसरू नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग नाव म्हणजे निव्वळ लबाडी. आमचे मत तसे नाही. चळवळीत आम्ही एक शिकलो, की समोरच्या बाजूचे हिशोबही प्रामाणिकपणे मांडावेत. नावाचे काही खरे फायदे आहेत. नामांकित गिटार पुढे विकायची झाली तर पैसे बऱ्यापैकी परत येतात. तिच्यात दोष निघाला तर कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक असते. शिवाय चांगल्या कारखान्यातले सर्वांत वाईट वाद्यही सहसा फार वाईट नसते. मुळात ते नाव उभे राहिले कशावर? पिढ्यान्पिढ्या कोणीतरी फळ्या नीट तासल्या, डिंक नीट वाळू दिला, वाकडी मान फेकून दिली, म्हणून. आमच्या दृष्टीने नाव म्हणजे जुन्या कामगारांच्या कामावर काढलेली हुंडी आहे. हुंडी खोटी नसते; पण घेण्यापूर्वी ती वटते की नाही, ते पाहावे लागते. ज्यांच्या कामावर ती काढली ते हात गेले असतील, कारखाना हलला असेल, नाव तिसऱ्यानेच विकत घेतले असेल. गिब्सनने कॅलामझूचा कारखाना १९८४ साली बंद केला. नाव दुसऱ्या गावी गेले. मागे राहिलेल्या काही कारागिरांनी १९८५ साली त्याच इमारतीत हेरिटेज या नावाने काम सुरू केले. एकाकडे नाव गेले, दुसऱ्याकडे हात राहिले. गिऱ्हाइकाने काय विकत घ्यावे?

आणखी एक गोष्ट आमच्या गाठीची. नावासाठी मोजलेला जादा पैसा करणाऱ्याच्या हातात पडतोच, असे समजू नका. खुद्द नाझरेथच्या मार्टिन कारखान्यात १९७७ साली कामगारांना दीर्घ संप करावा लागला. सर्वांत मानाचे वाद्य घडवणाऱ्यांनाही आपली मजुरी भांडूनच मागावी लागली.

प्रतिष्ठेचे टोक पाहायचे तर २०२० सालचा एक लिलाव पाहा. कर्ट कोबेन या दिवंगत गायकाची १९५९ सालची मार्टिन गिटार साठ लाख डॉलरांना गेली. तो नमुना त्याच्या काळी फारसा न चाललेला. अवघ्या ३०२ नगांनंतर बंद पडलेला. तेथे घेणाऱ्याने वाद्य घेतले नाही, एक आठवण घेतली. आठवणीला किंमत असू नये असे आम्ही म्हणत नाही. फक्त आठवणीचे, मानाचे आणि वाद्याचे पैसे वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधावेत, म्हणजे फसगत होत नाही.

आता व्यवहाराचे चार शब्द. गिटार घ्यायला जाताना खिशातल्या पैशांपैकी काही भाग आधीच वेगळा काढावा, तो तारांची उंची आणि खाचा जुळवून घेण्यासाठी. बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर उंच असली तर नवशिक्याचा हात चालतो. चार-पाच असली तर आमच्या मुलासारखी गत होते. डोक्याकडच्या खाचा तपासायच्या तर तार तिसऱ्या पडद्यावर दाबावी. पहिल्या पडद्याशी तिची आणि पडद्याची केसभर फट राहिली पाहिजे. ठळक फट दिसली तर खाच उथळ आहे. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी न्याहाळावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून कोठे खरखर येते का, ते ऐकावे. तबलीच्या मधल्या भोकाची कड पाहावी. वरच्या पृष्ठावरची लाकडाची रेघ कडेवरून सरळ खाली उतरत असेल तर फळी अखंड आहे. थर दिसले तर प्लायवूड आहे.

मात्र प्लायवूड दिसले म्हणून नाक मुरडू नये. अखंड फळी अधिक बोलते हे खरे, पण ती हवेतला ओलावा पिते आणि सोडते. आपल्याकडे जुलैत भिंतींना पाझर फुटतो आणि एप्रिलमध्ये दाराच्या फळ्यांना भेगा पडतात. ज्या घरात वाद्य पेटीत, जपून ठेवण्याची सोय नाही, तेथे प्लायवूडची गिटार जास्त वर्षे सोबत करील. १९६६ साली जपानच्या यामाहा कंपनीने अशाच प्लायवूडच्या तबलीच्या स्वस्त गिटारी काढल्या. १९६९ च्या वुडस्टॉक मेळाव्यात कंट्री जो मॅकडॉनल्ड यांनी लाखोंच्या समुदायापुढे त्यांपैकीच एक, तीही उसनी घेतलेली, वाजवली. समुदायाने फळीचे थर मोजले नाहीत.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची कसोटी. दुकानात पाठ फिरवून उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाला तरी दोन-तीन गिटारी वाजवायला सांगाव्यात. नाव सांगायचे नाही, किंमत सांगायची नाही. मग आपल्याच हातात घेऊन, डोळे मिटून वाजवून पाहाव्यात.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेचे एक सभासद, फौंड्रीतले मोल्डर, मुलीसाठी गिटार घ्यायची म्हणून आमच्याकडे आले. त्यांनी मोठ्या नावाची गिटार मनात धरली होती. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढायची तयारी होती. आम्ही तिघे मिळून दुकानात गेलो, आणि बापलेकीला पाठ फिरवून उभे केले. दुकानातला पोरगा वाजवत गेला. मुलीने जी निवडली ती साध्या रंगाची, मधल्या किमतीची निघाली. मोल्डरांचा चेहरा जरा उतरला. आम्ही म्हटले, “अहो, साच्यात रस ओतताना तुम्ही कारखान्याची पाटी पाहता की वाळू पाहता?” ते हसले. उरलेल्या पैशांत तारा जुळवून घेतल्या, एक पेटी घेतली, आणि कर्ज काढावे लागले नाही. मुलगी अजून शिकते आहे. तिच्या हातात कला किती आहे ते पुढे कळेल. पण ते तिचे तिलाच कळेल, वाईट खाचा तिला खोटे सांगणार नाहीत.

आमच्या घरची काळी गिटार अजून आहे. मुलगा सुट्टीवर आला की कधी रविवारी ती हातात घेतो. परवा वाजवता वाजवता म्हणाला, “बाबा, ही तेव्हाच अशी असती तर?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्यांच्या घरी आज आठवीतला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना तरी ते वेळेवर मिळावे, म्हणून आम्ही आज येथे बोललो.